बर्फाला घाम येईपर्यंत

दुपारी फोन वाजला तेव्हा मिसाओच्या एका हातात टोचा होता आणि दुसऱ्या हातात बर्फ. तिनं फोन खांद्यानंच कानाशी दाबला. पलीकडे तोकिए-सान, म्हणजे बारमालक ओनुकी मास्तरांची बायको. नेहमीच्याच कोरड्या आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या. यायचं तर ये. मी ये म्हणत नाही, आणि नको पण म्हणत नाही."

"शुद्धीवर आहेत?"

"असतात, नसतात. सकाळी मला ओळखलं नाही. नर्सला मात्र वाकून नमस्कार केला, पडल्या पडल्या."

"मी गोळा घेऊन येते."

"अजून तेच का गं तुझं? माणूस मरतोय इकडे."

"म्हणूनच," मिसाओ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ कुठे होता?

गोळा म्हणजे काडीला लावून, वर लाल सरबत ओतून चोखायचा तो गोळा नव्हे हं. हा काचेसारखा आरपार दिसणारा, मुठीएवढा, हातात फिरवत फिरवत सुरीनं घडवलेला. जाड बुडाच्या ग्लासात हा एकच घालायचा आणि वरून व्हिस्की सोडायची. बर्फ मोठा आणि गोल, म्हणून विरघळतो सावकाश. शेवटचा घोटसुद्धा पाणचट लागत नाही. आमच्या उत्सुनोमिया गावात बारना काय तोटा! गल्लीत दगड मारला तर कॉकटेल करणाऱ्यालाच लागायचा. पण ओनुकी मास्तरांच्या हातचा गोळा ग्लासात फिरताना बघायला लोक तोक्योहून गाडी पकडून यायचे आणि शेवटच्या गाडीनं परत जायचे.

मास्तरांचा 'त्सुगुमी' नावाचा हा बार तसा खोलीएवढाच. समोर एक लांब फळी, फळीपुढे खुर्च्या, मागे बाटल्या. मिसाओ तिथं आली तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती. आता कानावरचे केस पांढरे झालेत. या सगळ्या वर्षांत मास्तरांनी तिला सगळं शिकवलं: ढवळायचं कसं, हलवायचं कसं, गिऱ्हाईक रडायला लागलं तर नजर कुठे ठेवायची. गिऱ्हाइकाला द्यायचं पेयसुद्धा तीच करायची. फक्त गोळा तिचा नाही. गोळा मास्तरांचाच.

रोज दुपारी, दार उघडण्याआधी, ती आपला एक गोळा घडवून मास्तरांपुढे ठेवायची. मास्तर तो ग्लासात टाकत, डोळे मिटत आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं फिरवत. गोळा खरा गोल असेल तर फिरताना आवाज होत नाही. कुठे तांदळाएवढा उंचवटा राहिला तरी काचेवर खट्‌ होतं. मास्तर फिरवत, ऐकत, आणि काही न बोलता ग्लास मोरीत उपडा करत. रोज. शिवी नाही, शाबासकी नाही, काही नाही. त्यांचा स्वतःचा गोळा असला की मात्र बोटानं फिरवून झाल्यावर ते ग्लासाच्या कडेवर दोनदा टकटक करत. म्हणजे, पाणी आण. मग मिसाओ पाणी घालायची, गोळा एकदा धुऊन निघायचा, ते पाणी ओतून टाकलं की व्हिस्की. तिच्या गोळ्यावर पाण्याची वेळ कधी आलीच नाही.

गिऱ्हाइकं काय, त्यांना चेष्टेला विषय हवाच. "मिसाओ-चान, तुझ्या हातचा बर्फ आम्हाला या जन्मी मिळणार की पुढच्या?" ती हसायची. घरी जाऊन रडायची. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "तो म्हातारा तुला फुकट राबवतोय, कळत नाही का तुला?" आणि एक दिवस, "त्या बर्फाशीच लग्न लाव," म्हणून निघून गेला. ती गेली का त्याच्यामागे? नाही. त्या दिवशी दुपारी तिनं गोळा केला, आणि मास्तरांनी तो मोरीत ओतला. असली ही बाई, आणि असला तो मास्तर! दोघांना एका फळीमागे उभं करणाऱ्या देवाची कमाल आहे.

जूनमध्ये मास्तर दवाखान्यात गेले आणि बार बंद झाला, तरी मिसाओ रोज दुपारी तिथं येऊन गोळा घडवायचीच. बोलता येत होतं तेव्हाच त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "हिचा बर्फ जमला, तर दार हिचं. नाही जमला, तर माझ्यामागं पाटी उतरवा. नावाला बट्टा नको." तोकिए-सान शब्दाची पक्की. नवऱ्याचा शब्द तिनं हयातभर मोडला नव्हता, आता कशाला मोडेल? ओबोनला पितरांचे दिवे लावून झाले की पाटी उतरवायची आणि आपण मितोला बहिणीकडे जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ती दुष्ट नव्हती. पण दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तर आता काय राहिलं होतं? एक गोळा. एकदा त्यांनी फिरवावा आणि हो म्हणावं. मिसाओला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या फळीमागे सोडून जगात दुसरीकडे कुठं उभं राहावं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. फोननंतर हात असे थरथरले की हातातला गोळा सुरीखाली दुभंगला. शीतपेटीत दुसरा तुकडा नव्हता. तिनं बर्फवाल्या यागिसावाला फोन लावला.

तो लगेच आला. बाहेर अंगाची लाही होत होती. गल्लीत माणूस नव्हतं, नुसता झाडावरच्या किड्यांचा कर्कश आवाज. यागिसावा खांद्यावर लादी घेऊन आत शिरला आणि त्याच्यासोबत ग्योझाच्या, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांच्या, लसणाचा भपकारा.

"ग्योझा खाऊन आलात ना? लांबून ठेवा. बर्फाला वास लागेल."

"अगं, जेवणावरून उठून आलोय. पाच उरले होते ताटात. पाच! त्यांचं पाप तुझ्या माथी." मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आला. "मास्तर?"

तिनं मान हलवली. यागिसावानं टोपी काढली, पुन्हा घातली. मास्तरांच्या लग्नापासून तो या दाराला बर्फ घालत आला होता. "चल, कापून देतो," एवढंच म्हणाला आणि करवत घेतली.

चौकोनी तुकडा फळीवर ठेवला. नुकताच शीतगृहातून आलेला, पांढुरका, धुरकट. मिसाओनं सुरी उचलली तशी त्यानं तिचं मनगट धरलं.

"शुद्धीवर आहेस का? घाम येऊ दे आधी त्याला."

"वेळ नाहीये हो!"

"बर्फाला सांग ते. तो ऐकतो का बघ."

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कडक गारठलेला बर्फ वरून शांत दिसतो, पण आतून नुसता ताणलेला असतो. त्याला सुरी लावा, पाणी लावा, तडकलाच. बाहेर ठेवायचा, धुरकटपणा जायची वाट बघायची, अंगावर पाण्याचे थेंब आले, काचेसारखा आरपार दिसला, की मग हात लावायचा. मास्तर तर म्हणत, बार चालवणं म्हणजे दुसरं काय, बर्फाला घाम येईपर्यंत गप्प बसणं. गिऱ्हाइकाचंही तसंच, आणि शिष्याचंही.

म्हणून दोघं बसली. यागिसावा मास्तरांच्या तरुणपणच्या गोष्टी सांगू लागला. लग्नाच्या दिवशी मास्तर पाहुण्यांना सोडून बर्फ बघायला शीतगृहात आले होते वगैरे. मिसाओला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती बर्फाकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, मास्तर, थांबा. एवढा वेळ थांबलात, अजून थोडं थांबा. थोड्या वेळानं कडेवरून पहिला ओघळ उतरला. मग तिनं सुरी घेतली.

आणि काय सांगू, त्या दिवशी हात चालला! थरथर कुठे गेली कुणास ठाऊक. कोपरे उडाले, कडा उडाल्या, बर्फ तळहातात फिरू लागला आणि सुरी त्याच्यावरून बटाट्याची साल काढावी तशी सरकू लागली. हात बधिर झाले, नखं निळी पडली. शेवटी तिनं गोळा ग्लासात टाकला, डोळे मिटले, बोटानं फिरवला. एवढासुद्धा आवाज नाही. पुन्हा फिरवला. नाही.

"झालं?" यागिसावानं हळूच विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "झालं हो. आज झालं."

"मग रडतेस काय, चल!"

गोळा कापडात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. मास्तरांचा जाड बुडाचा ग्लास रुमालात बांधून घेतला. यागिसावाच्या टेम्पोत पुढे दोघं बसली. तिच्या पायाशी एक गोणपाट होतं, आत कोरडा बर्फ, तो धूर सोडणारा, मासळीवाल्याकडे पोचवायचा. "पाय लांब ठेव, भाजेल," यागिसावा म्हणाला.

निम्म्या रस्त्यात आभाळ काळं झालं. उन्हाळ्यात या गावावर दुपारची वीज पडायचीच, आम्ही तिला विजोबाच म्हणतो. पण त्या दिवशी विजोबांनी ताळच सोडला. कडाड्‌कन कुठंतरी जवळच पडली आणि चौकातले दिवे बंद. चारी बाजूंनी गाड्या येऊन तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. यागिसावा खिडकीतून अर्धा बाहेर निघून ओरडू लागला, "अहो निळी गाडी! तुम्ही मागं घ्या! डोळे आहेत की बटणं?"

टेम्पोत वाफारा दाटला होता. मिसाओनं खोक्याचं झाकण किंचित उचललं. कापड ओलं झालं होतं. गोळ्याच्या बुडाशी पाणी साचलं होतं, थोडंसंच, चमचाभर. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. चमचाभर पाणी म्हणजे चमचाभर गोलाई गेली. खालची बाजू चपटी होत असेल. आत्ता, या क्षणी, होत असेल. मास्तरांच्या बोटाला कळणार. खट्‌ होणार आणि ते पुन्हा ग्लास उपडा करणार, आणि या वेळी शेवटचा.

बाहेर यागिसावा निळ्या गाडीवाल्याच्या आईवडिलांपर्यंत पोचला होता. मिसाओनं रुमाल हाताला गुंडाळला, गोणपाटात हात घातला, कोरड्या बर्फाचा एक जाड तुकडा काढला आणि गोळ्याला चिकटवून ठेवला. झाकण दाबलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनंच त्याचे कान उपटले असते. कोरड्या बर्फानं गोळा पुन्हा कडक गारठतो, बारमधलं कालचं पोरसुद्धा असं करणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण आठवत नाही, हेच खरं.

दवाखान्याच्या दारात तिला उतरवताना खोक्याच्या फटीतून निघणारा धूर यागिसावाला दिसला आणि तो ओरडला, "वर गेलीस की आधी काढून ठेव! घाम येऊ दे!"

"हो, हो," म्हणत ती धावली.

खोलीत मास्तर एवढेसे दिसत होते. दंडाएवढी जाड मनगटं होती त्या माणसाची; आता चादरीवर नुसत्या काड्या. तोंड उघडं, ओठ कोरडे. श्वास यायचा, मग यायचाच नाही, मग एकदम यायचा. तोकिए-सान खुर्चीतून उठली. तिचे डोळे सुजलेले होते पण केस नीट विंचरलेले.

"आलीस. बस त्यांच्याजवळ. देवळात फोन करून येते मी, भिक्षूंना आधी सांगून ठेवायला हवं." दारातून तिनं मागं वळून पाहिलं. "नर्स म्हणते तोंडात काही घालायचं नाही. वाटाण्याएवढा बर्फ दिला तर चालेल, ओठ ओले करायला. तुझा तो फुटबॉल काही जायचा नाही आत." हे हसवण्यासाठी बोलून ती गेली.

मिसाओनं खोकं उघडलं. बर्फ पांढराफटक. वरून खालपर्यंत धुरकट, लावलेल्या बाजूला तर पिठासारखा थर. तिनं तो रुमालात धरला, तळहातांनी चोळला, तोंडानं फुंकर घातली, पुन्हा चोळला. हात पोळल्यासारखे होत होते. हळूहळू वरचा थर गेला, बर्फ आरपार दिसू लागला, वर थेंबही आले. पण तो घाम बर्फाचा नव्हता, तिच्या तळहातांनी आणलेला होता. आतून तो तसाच कडक होता, हे तिला ठाऊक होतं. अजून थोडा वेळ. नुसता ठेवून द्यायचा आणि गप्प बसायचं.

मास्तरांचा श्वास थांबला.

ती मोजूसुद्धा शकली नाही. मग तो आला, घरघरत. तिनं ग्लास पलंगाच्या कडेला धरला, गोळा आत सोडला. काचेवर बर्फ बसल्याचा तो जड, गोल आवाज झाला. मास्तरांच्या पापण्या हलल्या.

"मास्तर, मिसाओ आलीये. दुपार झालीये, मास्तर. गोळा बघताय ना?"

तिनं त्यांचा उजवा हात उचलला, पहिलं बोट गोळ्यावर ठेवलं आणि आपला हात काढून घेतला. बोट तसंच राहिलं. मग ते हललं. गोळा फिरला. पूर्ण फिरला, आवाज नाही. मास्तरांचं बोट थांबलं, आणि पुन्हा त्यांनी फिरवला, उलट्या बाजूनं, कधी फिरवत नसत तसा. आवाज नाही. खोलीत फक्त खिडकीवरचा पाऊस.

बोट वर आलं. आता मनगट वळणार, आता ग्लास कलंडणार, म्हणून तिनं सवयीनं डोळे मिटून घेतले. आणि तिला ऐकू आलं: टक. टक. ग्लासाच्या कडेवर.

पाणी आण.

तिच्या कानांवर तिचा विश्वास बसेना. तिनं डोळे उघडले. बोट कडेवरच होतं आणि पुन्हा वाजलं, टक, टक, जरा चिडून. मास्तरांना कधी दोनदा सांगावं लागत नसे. उशापाशी पाण्याचा जग होता. थांब, तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, अजून घाम आलेला नाही. पण मास्तर मागताहेत! या एका मागणीसाठी तिनं तारुण्य घातलं होतं, नवरा घालवला होता. आणि आता त्यांना म्हणू का, मास्तर, जरा थांबा? त्यांच्या छातीकडे पाहिलं तर ती हलत नव्हती. तिनं जग उचलला आणि पाणी ओतलं.

कडाड्‌.

बाहेरच्या विजेपेक्षा मोठा वाटला तिला तो आवाज. गोळा मधोमध तडकला, एक भेग आडवी गेली, एक उभी, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत तीन तुकड्यांत वेगळा झाला. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, पण शब्द स्वच्छ होते.

"घाई झाली."

आणि ते पुन्हा झोपेत गेले.

हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा. मिसाओ गुडघ्यांवर बसली. तिला ओरडावंसं वाटलं, त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "मास्तर, जमला होता ना? सांगा ना. फुटायच्या आधी जमला होता ना? एकदा म्हणा हो, एकदा!" मास्तर कसले म्हणतात. तिनं कपाळ पलंगाच्या लोखंडावर टेकलं आणि एवढ्या वर्षांचं सगळं रडून घेतलं.

मग बाहेर तोकिए-सानच्या चपला वाजल्या, अजून लांब, जिन्यापाशी. मिसाओनं डोकं वर केलं. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायची मोरी होती. ती उठली, ग्लास घेऊन मोरीपाशी गेली. तुकडे ओतायचे, पाणी सोडायचं, विरघळून जातील. तोकिए-सान विचारेल आणि आपण म्हणायचं, पाणी मागितलं त्यांनी. खोटं कुठं आहे? मागितलंच की. जमला म्हणाले, एवढं पुढचं जोडायचं फक्त. कोण आहे विचारायला? दार तिचं होईल. तिनं ग्लास कलंडला.

कलंडला आणि धरून ठेवला. मास्तरांचा हातसुद्धा रोज असाच कलंडायचा, पण काही लपवायला नाही. आणि मागं पलंगावर त्यांचे ओठ तडकलेले, कोरडे होते. वाटाण्याएवढा बर्फ चालतो म्हणे. आख्खा गोळा कुणाच्या तोंडात गेला असता? तिनं तुकड्यांतली वाटाण्याएवढी एक कपची उचलली, परतली आणि ती मास्तरांच्या ओठांत ठेवली. ओठ मिटले. गालाची हालचाल झाली. ते चोखत होते.

तोकिए-सान आत आली तेव्हा मिसाओ तशीच उभी होती, हातात फुटका गोळा घेऊन.

"काही म्हणाले का?"

"पाणी मागितलं."

"प्यायला?"

"नाही. गोळ्यावर. ग्लासावर टकटक केलं." मिसाओनं ग्लास पुढे केला. तिला खाली बघवत नव्हतं. "पण मी कोरड्या बर्फात घातला होता, तोकिए-सान. घाम आला नव्हता. मला माहीत होतं, तरी मी पाणी घातलं आणि फुटला. मग म्हणाले, घाई झाली."

तोकिए-सान खुर्चीत बसली.

"घाई झाली, असं तुला म्हणाले?"

"हो."

"याआधी कधी म्हणाले होते तुला असं?"

"मला? मला ते कधीच काही म्हणाले नाहीत. नुसतं ओतायचे."

"मग ते तुला नाही म्हणाले," तोकिए-सान म्हणाली. "स्वतःचा गोळा फुटला ना त्यांचा, की असंच म्हणायचे. बायको म्हणून आले तेव्हापासून ऐकतेय. आपल्याच हाताला म्हणायचे, घाई झाली. दुसऱ्याच्या बर्फाला त्यांनी आयुष्यात कधी नाव ठेवलं नाही. तो गोळा त्यांना स्वतःचा वाटला, बाई."

"ते गुंगीत होते. ते काही खरं नाही. आणि फुटला ना शेवटी!"

"त्यांचे काय कमी फुटलेत?" तोकिए-सानचा आवाज एकदम चढला. "आणि गुंगीचं मला शिकवू नकोस. मला ओळखलं नाही सकाळपासून. मला! पण बर्फ ओळखला मेल्यानं." आणि इतका वेळ नीट बसलेली ती बाई चादरीत तोंड खुपसून रडायला लागली.

वीज लांब गेली, खिडकीत संध्याकाळचा पिवळा उजेड आला, त्या सुमाराला मास्तर गेले. श्वास थांबला आणि परत आला नाही. जाणाऱ्याच्या ओठांना शेवटचं पाणी लावतात. नर्सनं कापूस आणून दिला, वाटी आणते म्हणाली, पण तोकिए-साननं हातानं नको म्हटलं आणि ग्लास पुढे ओढला. तुकड्यांखाली पाणी साचलं होतं. तिनं त्यात कापूस भिजवला, मास्तरांचे ओठ ओले केले. मग कापूस मिसाओच्या हातात दिला.

पाटी उतरली नाही. तोकिए-साननं किल्ली दिली तेव्हा मिसाओ नाही नाही म्हणत राहिली, तर म्हातारी कडाडली, "त्यांचा शब्द मोडू का मी आता?" आणि मितोला निघून गेली. एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे सुतक संपण्याचा, सरला, भिक्षूंचं म्हणून झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिसाओनं दार उघडलं. यागिसावा लादी घेऊन आला आणि परत जाईना. पहिलं गिऱ्हाईक मीच म्हणून खुर्चीवर चढून बसला. त्या दिवशी त्यानं ग्योझा खाल्ले नव्हते.

मिसाओनं बर्फ फळीवर ठेवला आणि घाम येईपर्यंत गप्प बसली. मग घडवला. ग्लासात टाकला, डोळे मिटले, फिरवला. आवाज नाही. तिनं ग्लास फळीवर उजवीकडे सरकवला, मास्तर उभे राहायचे तिथं, आणि नेहमीसारखी एक पाऊल मागं होऊन उभी राहिली.

कुणी आलं नाही. तिला माहीत होतं कुणी येणार नाही, तरी ती उभी राहिली. ज्या हातामुळे ती रोज घरी जाऊन रडली, तो हात आता यावा, ग्लास उचलावा आणि काही न बोलता गोळा मोरीत ओतावा, एवढंच तिला त्या घडीला हवं होतं. बार नको, दार नको, काही नको. गोळ्याखाली पाणी साचू लागलं.

"मिसाओ," यागिसावा हळूच म्हणाला, "वितळतोय गं तो. ओत आता."

तिनं डोळे पुसले आणि बाटलीकडे हात नेला.